पन्हाळगड जागतिक वारसा यादीत आला. गडावरच्या घरांची दुरुस्ती आणि व्यवस्थापन आराखडा यांचा कायदा नेमका काय आहे?

गडावरचा_रहिवासी (प्रश्न)

नमस्कार. मी पन्हाळगडावर राहतो. आमचे घर पणजोबांनी बांधलेले आहे; भिंती जांभ्या दगडाच्या, वर कौले, मधल्या खोलीत सागवानी तुळई. गेल्या पावसाळ्यात मागची भिंत फुगली आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून जोत्यापर्यंत दोन बोटे शिरतील एवढी भेग पडली. वळचणीकडचे वासे कुजले आहेत. सध्या तुळईला दोन टेकू दिले आहेत आणि त्या खोलीत आम्ही कोणाला झोपू देत नाही. पुढच्या मृगाच्या आत भिंत आणि छप्पर नीट करून घ्यायला हवे, एवढी साधी आमची गरज आहे.

११ जुलै २०२५ रोजी पॅरिसमधील अधिवेशनात 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले आणि त्यांत पन्हाळा आहे, याचा अभिमान गडावरच्या प्रत्येक घरात आहे, हे मी आधी स्पष्ट करतो. आमची मुले तीन दरवाजाच्या सावलीत खेळून मोठी होतात, आणि जुलै महिन्यात पावनखिंडीच्या वाटेने निघणाऱ्या मोहिमांना आम्ही वर्षानुवर्षे पाणी आणि चहा देत आलो आहोत. परंतु त्या घोषणेआधीपासूनच गावात एक धास्ती आहे आणि ती अजून गेलेली नाही. कोणी म्हणतो, आता खिळा ठोकायलाही परवानगी लागणार; कोणी म्हणतो, पाच-दहा वर्षांत सगळ्यांना खाली उतरवणार. मी दुरुस्तीच्या चौकशीसाठी एका कार्यालयात गेलो, तेव्हा त्यांनी दुसऱ्या कार्यालयाकडे बोट दाखवले. तिथे सांगण्यात आले की युनेस्कोचा आराखडा येईपर्यंत काही करू नका. लेखी मात्र कोणीच काही दिले नाही.

पन्हाळा हा रिकामा गड नाही. इथे नगरपरिषद आहे, शाळा आहेत, दवाखाना आहे, हॉटेले आहेत आणि अंबरखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहती घरे आहेत. गडाच्या भोवती वनखात्याची जमीन आहे आणि तिच्यासाठी 'पन्हाळगड संवर्धन राखीव' हे आणखी एक नाव काही वर्षांपूर्वी आले. म्हणजे एकाच डोंगरावर पुरातत्त्व, वन, नगरविकास आणि महसूल असे चार कायदे नांदत आहेत, आणि कोणता कायदा आमच्या अंगणापर्यंत येतो व कोणता तटाशी थांबतो, हे आम्हाला कोणी नकाशावर दाखवलेले नाही.

जाणकारांना माझे तीन प्रश्न आहेत. यादीत नाव आल्यामुळे आमच्यावर नवा कायदा लागू झाला का? आमच्यासारख्या जुन्या घराची दुरुस्ती कायद्याने करता येते का? आणि ज्या व्यवस्थापन आराखड्याचे नाव सगळे घेतात, तो कोण करतो, त्याला कायद्याचे बळ किती, आणि त्यात गडावर राहणाऱ्या माणसाला बोलण्याची जागा कुठे आहे?

नकाशावाला

मी नगररचनेच्या कामातून निवृत्त झालो आहे आणि संरक्षित स्मारकांच्या भोवतालच्या परवानग्यांची प्रकरणे बरीच हाताळली आहेत. त्यामुळे उत्तर लांबले तर समजून घ्यावे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात 'नाही' असे आहे, पण त्यामागचे कारण समजून घेणे तुमच्या उपयोगाचे ठरेल. जागतिक वारसा करार १९७२ चा आहे आणि भारताने तो १९७७ मध्ये स्वीकारला. हा करार देशावर बंधन घालतो, घरमालकावर नाही. वारसास्थळांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा आपल्याकडे नाही; ज्या स्थळाला जो देशी कायदा आधीपासून लागू होता, त्याच्याच आधारे त्याचे रक्षण होते. या बारा किल्ल्यांपैकी रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतील जिंजी हे आठ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत, तर साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहेत. राज्याकडच्या चार किल्ल्यांना १९६० चा महाराष्ट्राचा अधिनियम लागू होतो. तुमच्याकडे मात्र केंद्राचा, म्हणजे प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियम, १९५८ लागू आहे आणि ज्या निर्बंधांची आज गावात चर्चा आहे, ते बहुतेक सगळे यादीच्या कितीतरी आधीचे आहेत.

हे निर्बंध १६ जून १९९२ च्या अधिसूचनेने आले आणि २०१० च्या दुरुस्तीने थेट अधिनियमात बसवले गेले. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत विनियमित क्षेत्र, असे ते दोन पट्टे आहेत. इथे 'हद्दीपासून' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. अंतर मोजायचे ते इमारतीच्या भिंतीपासून नव्हे, तर राजपत्रात जे संरक्षित क्षेत्र जाहीर झाले असेल त्याच्या कडेपासून. एखाद्या मोकळ्या मैदानातील एकट्या देवळाच्या बाबतीत हे सोपे असते. पन्हाळ्यासारख्या ठिकाणी तट, दरवाजे, सज्जा कोठी, अंधार बाव, अंबरखाना अशा वास्तू गावात विखुरलेल्या आहेत. अशा ठिकाणी एका वास्तूचा पट्टा दुसरीच्या पट्ट्यावर चढतो आणि कागदावर जवळजवळ सगळे गाव झाकले जाते. म्हणून माझा पहिला सल्ला असा की तुमच्या घराजवळच्या स्मारकाची मूळ अधिसूचना मिळवा, तिच्यात कोणते सर्व्हे क्रमांक किंवा कोणत्या चतुःसीमा दिल्या आहेत ते पाहा, आणि भूमी अभिलेख कार्यालयातून तुमच्या मिळकतीची मोजणी करून घ्या. जोवर हे अंतर सही-शिक्क्याच्या नकाशावर येत नाही, तोवर प्रत्येक कार्यालय आपापल्या अंदाजाने बोलत राहील, आणि त्या अंदाजाची किंमत तुम्ही मोजाल.

आता दुरुस्ती. अधिनियमात तीन वेगळे शब्द आहेत आणि त्यांची व्याख्याही दिलेली आहे: बांधकाम, पुनर्बांधणी, आणि दुरुस्ती व नूतनीकरण. नवी वास्तू उभारणे किंवा असलेल्या वास्तूला आडवी-उभी वाढ देणे हे बांधकाम. त्याच लांबी-रुंदी-उंचीत वास्तू पुन्हा उभारणे ही पुनर्बांधणी. उभ्या असलेल्या वास्तूत फेरबदल करणे, पण बांधकाम किंवा पुनर्बांधणी न करणे, ही दुरुस्ती व नूतनीकरण. प्रतिबंधित पट्ट्यात फक्त तिसऱ्या प्रकाराला परवानगी मिळू शकते, आणि तीही ती वास्तू १६ जून १९९२ पूर्वीची असेल किंवा त्यानंतर पुरातत्त्व महासंचालकांच्या मंजुरीने बांधलेली असेल तर. विनियमित पट्ट्यात तिन्ही गोष्टींसाठी, म्हणजे बांधकामासाठीसुद्धा, अर्ज करता येतो. घर पणजोबांचे असल्यामुळे तारखेची अट तुम्हाला अडचणीची नाही, पण ती कागदाने सिद्ध करावी लागेल. जुनी मिळकत पत्रिका, घरपट्टीच्या जुन्या पावत्या, एखादे जुने वाटणीपत्र, घर मागे दिसणारे लग्नकार्यातले छायाचित्र, यांपैकी जे मिळेल ते जमवा.

अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या परवानग्यांसाठी अधिसूचनेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जातो. त्याने १५ दिवसांत तो राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत शिफारस कळवायची आणि त्यानंतर एका महिन्यात सक्षम प्राधिकाऱ्याने परवानगी द्यायची किंवा नाकारायची, अशा मुदती अधिनियमाच्या कलम २०-ड मध्ये आहेत. म्हणजे सगळे सुरळीत झाले तरी साडेतीन महिने गृहीत धरावे लागतात. मृगाच्या आत काम हवे असेल तर अर्ज माघाच्या पुढे जाऊ देऊ नका. 'युनेस्कोचा आराखडा येईपर्यंत थांबा' असे म्हणण्याला या कलमांत कुठेही आधार नाही, आणि असे कोणी तोंडी सांगितले तर ते लेखी मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. त्याचबरोबर परवानगीविना काम सुरू करण्याचा विचारही मनात आणू नका. प्रतिबंधित क्षेत्रातल्या विनापरवाना बांधकामाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

एक अपवाद लोकांना माहीत नसतो, म्हणून मुद्दाम लिहितो. गटारांची बांधणी व साफसफाई, सार्वजनिक शौचालये, सार्वजनिक पाणीपुरवठा आणि वीजवितरण यांची कामे 'बांधकाम' या व्याख्येतूनच वगळलेली आहेत. त्यामुळे गावात गटार होत नाही याचे कारण पुरातत्त्वाचा कायदा आहे, असे कोणी सांगितले तर ते अर्धवट उत्तर आहे. याउलट प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम म्हणून जे मोडते, ते सार्वजनिक हिताचे असले तरी २०१० नंतर त्याला परवानगी देता येत नाही. हे बदलण्यासाठी आणलेले विधेयक २०१८ च्या जानेवारीत लोकसभेत मंजूर झाले, पण पुढे कायदा झाला नाही.

तुमचा तिसरा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. युनेस्कोच्या कार्यपद्धतीच्या मार्गदर्शक सूचनांतील परिच्छेद १०८ प्रमाणे प्रत्येक स्थळासाठी व्यवस्थापन आराखडा किंवा तशी लेखी व्यवस्था असावी लागते आणि ती शक्यतो लोकसहभागातून व्हावी अशी अपेक्षा असते. पण तो आराखडा आपल्याकडे स्वतःहून कायदा होत नाही. त्यातली एखादी गोष्ट तुमच्या दारापर्यंत बंधन म्हणून यायची असेल, तर ती दोन वाटांनी येते. पहिली वाट १९५८ च्या अधिनियमातील कलम २०-ई प्रमाणे होणाऱ्या वारसा उपविधींची. इमारतींची उंची, दर्शनी भाग, गटारे, रस्ते, विजेचे खांब, जलवाहिन्या व मलवाहिन्या यांचे नियम त्या विशिष्ट स्मारकापुरते या उपविधींत लिहिले जातात. दुसरी वाट महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खालच्या विकास योजनेची आणि एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतील वारसा इमारती, वारसा परिसर आणि नैसर्गिक वैशिष्ट्ये यांच्या तरतुदींची. दोन्ही वाटांवर मसुदा प्रसिद्ध होतो आणि हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात.

माझ्या नोकरीच्या काळात मी पाहिले आहे की हे ३० दिवस बहुतेक गावांत कोणाच्या ध्यानातच येत नाहीत. मसुदा एका फलकावर आणि एका संकेतस्थळावर लागतो, महिना जातो, आणि अंतिम नकाशावर ज्याच्या परसातून रस्ता गेलेला असतो तो माणूस दोन वर्षांनी कार्यालयात येऊन रडतो. त्या टेबलामागे बसून मला त्याला 'आता उशीर झाला' असे सांगावे लागले आहे, आणि ते वाक्य मला आजही टोचते. तुमच्या गावात चार माणसांनी आळीपाळीने राजपत्र, नगरपरिषदेचा फलक आणि प्राधिकरणाचे संकेतस्थळ दर आठवड्याला पाहण्याचे काम वाटून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

झाडोरा

नकाशावाला यांनी पुरातत्त्वाची बाजू सांगितली आहे, मी वनाची बाजू जोडते. माझे काम कोल्हापूर भागातील वनस्पतींच्या नोंदी घेण्याचे आहे आणि पन्हाळा ते मसाई पठार ही वाट मी अनेक पावसाळ्यांत चालले आहे.

पन्हाळगड संवर्धन राखीव हे अभयारण्य नाही, राष्ट्रीय उद्यानही नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये 'संवर्धन राखीव' हा प्रकार २००२ च्या दुरुस्तीने आला आणि कलम ३६-अ प्रमाणे तो फक्त शासनाच्या मालकीच्या जमिनीवर, स्थानिक लोकांशी सल्लामसलत करून जाहीर करता येतो. पन्हाळगड, विशाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड आणि चंदगड ही नावे २०२० च्या डिसेंबरात राज्य वन्यजीव मंडळासमोर एकत्र आली होती, आणि त्यामागे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पापासून दक्षिणेकडे जाणारा जंगलाचा सलग पट्टा टिकवण्याचा विचार होता. तुमचे घर खासगी मिळकतीवर असल्यामुळे ते या राखीवात मोडत नाही. शिकार करणे, आग लावणे, विषारी किंवा स्फोटक पदार्थ वापरणे यांवर राखीवाच्या जमिनीत बंदी आहे, पण अभयारण्याप्रमाणे लोकांचे जुने हक्क ठरवून काढून घेण्याची प्रक्रिया इथे नसते.

मात्र एक गोष्ट तुमच्या हातात आहे आणि ती बहुतेक गावांना ठाऊक नाही. कलम ३६-ब प्रमाणे संवर्धन राखीवाला व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिच्यात राखीव ज्या ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत येते, त्या प्रत्येकीचा एक प्रतिनिधी, वन्यजीव क्षेत्रात काम करणाऱ्या संस्थांचे तीन प्रतिनिधी आणि कृषी व पशुसंवर्धन खात्यांचे प्रतिनिधी असतात. गडाखालच्या वाड्यांनी आपला प्रतिनिधी कोण आहे आणि समितीची बैठक शेवटची कधी झाली, हे विचारले पाहिजे. कारण गडाचे पाणी आणि गडाची माती तटापाशी थांबत नाहीत. २०२१ च्या जुलैत मुख्य रस्ता खचला आणि गडाचा वाहनमार्ग तुटला, तेव्हा आपण सगळ्यांनी पाहिले की वर जांभ्याची टोपी, तिच्याखाली भुसभुशीत थर आणि त्यात मुरणारे पाणी यांचा हिशेब कोणत्याच एका खात्याच्या वहीत नाही. वरच्या वस्तीचे सांडपाणी कुठे सोडले जाते, वाहनतळासाठी उतार कुठे कापला जातो, तटाच्या सांध्यांत वाढलेल्या वड-पिंपळाच्या मुळ्या कोण आणि कशा काढतो, हे प्रश्न स्मारकाचेही आहेत आणि जंगलाचेही. ते एकाच आराखड्यात आले नाहीत, तर तटाची दुरुस्ती होईल आणि खालचा उतार तटासकट सरकेल.

कासचे उदाहरण देण्यासारखे आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ३९ स्थळांबरोबर कास पठार यादीत आले. लोक लोंढ्याने आले, फुले तुडवली जाऊ लागली, म्हणून कुंपण घातले गेले. पुढे कुंपणामुळे जनावरांचा वावर आणि चराई थांबून पठाराच्या फुलोऱ्यावरच परिणाम होतो आहे असा आक्षेप येऊ लागला आणि ते काढण्यात आले. दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा, आगाऊ नोंदणी आणि आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांकडे प्रवेशाचे काम, ही घडी मात्र टिकली. मला स्वतःला असे वाटते की तिथे जे टिकले ते गावांच्या हातात होते म्हणून टिकले.

गडावरचा_रहिवासी

आपण दोघांनी एवढ्या तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल वडिलांच्या पेटीतून १९७१ सालची घरपट्टीची पावती आणि एक वाटणीपत्र सापडले. मोजणीच्या अर्जाची चौकशीही केली आहे.

पण एक शंका राहतेच. गवंडी म्हणतो की फुगलेली भिंत नुसती लिंपून चालणार नाही, ती पायापर्यंत उतरवून पुन्हा रचावी लागेल. मग ही दुरुस्ती धरायची की पुनर्बांधणी? आणि गावात हंपीचे नाव वारंवार घेतले जाते, की तिथल्या लोकांना असेच आधी धीर दिला गेला आणि नंतर उठवले गेले. त्यात कितपत तथ्य आहे?

तुंगभद्रेकाठचा

हंपीविषयी मी लिहितो, कारण नोकरीनिमित्त माझी अनेक वर्षे होसपेटला गेली. विरूपाक्ष मंदिरासमोरच्या बाजाराच्या दगडी मंडपांत तेव्हा घरे आणि दुकाने होती. एका मंडपात मी पहाटे चहा घेत असे, आणि ज्या बाई चहा देत त्यांच्या चुलीमागे कोरीव खांब होता, त्यावर त्या रोज कुंकू लावत.

हंपी १९८६ मध्ये यादीत आले. त्यानंतर आनेगुंदीजवळ नदीवर पुलाचे काम सुरू झाले, एकत्रित व्यवस्थापनाची कोणतीही चौकट नव्हती, आणि १९९९ मध्ये युनेस्कोने हंपीला धोक्यातील वारशांच्या यादीत टाकले. तिथून बाहेर यायला २००६ साल उजाडले. मधल्या काळात कर्नाटकाने हंपी जागतिक वारसा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण अधिनियम, २००२ केला. या कायद्यामुळे सुमारे २३६ चौरस किलोमीटरच्या, २९ गावांच्या टापूसाठी एकच प्राधिकरण झाले, आणि त्यातला सुमारे ४२ चौरस किलोमीटरचा भाग गाभा क्षेत्र ठरला. गुजरातने चांपानेर-पावागढसाठी २००६ मध्ये याच धर्तीचा कायदा केला. महाराष्ट्रात असा कायदा या किल्ल्यांसाठी नाही. रायगडासाठी विकास प्राधिकरण आहे, पण विधिमंडळाच्या कायद्याने उभे राहिलेले वारसा क्षेत्र प्राधिकरण ही गोष्ट वेगळी.

आता तुमच्या भीतीबद्दल. २०११ च्या जुलैत हंपी बाजारातील मंडपांतली घरे आणि दुकाने पाडली गेली, हे खरे आहे. शेकडो कुटुंबांचा संसार त्या मंडपांत आणि त्यांच्या आडोशाला होता, आणि नोटीस व पाडकाम यांत सामान हलवायला पुरेसा अवधीही मिळाला नाही. मी त्यानंतरच्या आठवड्यात तिथे गेलो होतो. तो कोरीव खांब उभा होता, चुलीचा काळा डाग त्यावर तसाच होता, आणि बाई कुठे गेल्या ते शेजारच्या कोणाला सांगता येईना, कारण शेजारही उरला नव्हता. परंतु तुमच्यात आणि त्यांच्यात कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे. ते लोक स्मारकाच्या आत, मंडपांतच राहत होते आणि बहुतेकांच्या हाती मालकीचा कागद नव्हता. तुमच्याकडे घरपट्टीची पावती आणि वाटणीपत्र आहे आणि जागा स्मारकाबाहेर आहे. म्हणून वडिलांच्या पेटीतला प्रत्येक कागद जपा, हे मी हात जोडून सांगतो.

दुसरे उदाहरण नदीपलीकडच्या विरुपापूर गड्डीचे. तिथल्या शेतजमिनीवर पर्यटकांसाठी हॉटेले उभी राहिली. ते ठिकाण १९८८ च्या अधिसूचनेने राज्याच्या कायद्याखाली संरक्षित क्षेत्रात आलेले होते, पण वर्षानुवर्षे कोणी ती अधिसूचना उघडून पाहिली नाही. अखेर २०२० च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ती हॉटेले पाडण्याचा निर्णय कायम केला आणि महिन्याभरात ती जमीनदोस्त झाली. त्यांत मोठ्या पैशावाल्यांची होती तशी कर्ज काढून चार खोल्या बांधलेल्या शेतकऱ्यांचीही होती. पन्हाळ्यावर आज जो कोणी 'वारसा पर्यटन वाढणार' म्हणून खोल्या वाढवण्याच्या विचारात असेल, त्याला हे प्रकरण कोणीतरी वाचून दाखवावे.

माझे स्वतःचे मत असे आहे की प्राधिकरणाचा कायदा होणे वाईट नाही, उलट चार खात्यांच्या मध्ये अडकलेल्या गावाला एक दार मिळते. पण हंपीत प्राधिकरण आधी झाले आणि तिथे राहणाऱ्या माणसाचे काय करायचे हा विचार शेवटी आला. महाराष्ट्रात असा कायदा करायचे ठरले, तर त्याच्या मसुद्यात रहिवाशांचे प्रतिनिधी, पुनर्वसनाची अट आणि दुरुस्तीच्या परवानगीची मुदत या तीन गोष्टी पहिल्या पानावर असाव्यात, आणि त्या मागण्याची वेळ मसुदा होण्याच्या आधीची आहे.

नकाशावाला

भिंतीच्या शंकेविषयी. संपूर्ण घर उतरवून पुन्हा उभे केले तर ती पुनर्बांधणी होईल, यात वाद नाही, आणि प्रतिबंधित पट्ट्यात तिला परवानगी नाही. परंतु बाकीचे घर उभे ठेवून एक धोकादायक भिंत त्याच जागी, त्याच जाडीची, त्याच उंचीची रचून घेणे आणि कुजलेले वासे बदलणे, हे दुरुस्तीच्या व्याख्येत बसवून मांडता येते. अर्जात 'घर नवीन बांधणे' किंवा 'भिंत नव्याने बांधणे' असे शब्द चुकूनही येऊ देऊ नका. गावाकडचे अर्ज लिहून देणारे सवयीने तसेच लिहितात आणि पुढचा माणूस तो शब्द पाहूनच फाइल बाजूला ठेवतो. 'अस्तित्वातील निवासी वास्तूच्या पश्चिमेकडील भिंतीची व छपराची दुरुस्ती, लांबी, रुंदी व उंचीत कोणताही बदल न करता' असे दिशेसकट लिहा. सोबत सध्याचा आणि प्रस्तावित नकाशा एकाच मापात शेजारी-शेजारी द्या, भेगेजवळ मोजपट्टी धरून छायाचित्रे काढा, आणि नोंदणीकृत स्थापत्य अभियंत्याचा भिंत धोकादायक असल्याचा दाखला जोडा. जांभा आणि चुना वापरणार असाल तर तेही लिहा. सिमेंटच्या गिलाव्यामागे जांभ्यात ओल कोंडते, हे तुमचा गवंडीही सांगेल, आणि अर्ज तपासणाऱ्यालाही ते पटते.

काम पायापर्यंत जाणार असल्याने आणखी एक सांगतो. खोदताना जुने जोते, घडीव दगड, खापर किंवा नाणे असे काही लागले, तर काम थांबवून लगेच कळवा. लोक घाबरून ते बुजवतात आणि पुढे तेच अंगावर येते.

मोजणीत जर असे निघाले की तुमची मिळकत १०० मीटरच्या पट्ट्यात नसून संरक्षित क्षेत्राच्या आतच आहे, तर कलम १९ लागू होते आणि तिथे परवानगी केंद्र शासनाची लागते. तसे असेल तर इथे पुन्हा लिहा, त्याची कागदपत्रे वेगळी आहेत.

गडावरचा_रहिवासी

मोजणीचा अर्ज आज भरला, पावती मिळाली. घरी येऊन मी आणि धाकट्या भावाने टेपने दारापासून स्मारकाच्या कुंपणापर्यंत मोजून पाहिले. वळणे धरून ८६ मीटर भरले. सरळ रेषेत त्याहून कमीच भरेल, म्हणजे आम्ही प्रतिबंधित पट्ट्यात आहोत असे धरूनच कागद तयार करतो आहे. अभियंता शनिवारी भिंत पाहायला येणार आहे आणि त्याला मी 'दुरुस्ती' हा शब्द आधीच सांगून ठेवला आहे.

रविवारी गल्लीतल्या अकरा घरांची बैठक आहे. राजपत्र आणि फलक पाहण्याच्या पाळ्या त्यात ठरवू, आणि खालच्या वाडीतून संवर्धन राखीवाच्या समितीवर कोण आहे, हे विचारायला दोघे जण सोमवारी जाणार आहेत. मोजणीचा नकाशा हाती आला की इथे कळवतो.